हार न घातलेला फोटो

आमच्या न्हाणीत लढाई चालू असे. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी उरकल्या, की बाबा झरोक्याला काळा कागद चिकटवत, दारावर घोंगडी टांगत आणि आत तांबडा दिवा लावून बसत. मग दिवेलागणीपर्यंत त्या न्हाणीत पाय ठेवायची कोणाची प्राज्ञा नव्हती. पाण्याचा बंब केव्हाच अंगणात आला होता. दुपारी आलेला पाहुणा हातपाय धुवायला सवयीनं तिकडे वळला, तर आई स्वयंपाकघरातूनच सांगे, "अंगनात धुवा बाप्पा. आत पलटन उतरली हाय." पाहुणा हसे, पण आई हसत नसे. इतकी वर्षं नवरा सीमेवर म्हणून ती एकटी राहिली, आणि आता तो घरी आला तर न्हाणीत जाऊन बसला. "लढाई संपली म्हनते लोक," ती म्हणायची, "कोनाची संपली? माहीवाली तं आता सुरू झाली."

घर अकोल्याच्या जुन्या शहरात होतं, मोर्णा नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत. पहाटे कापसाच्या जिनाचा भोंगा, मग समोरच्या तांबटाची ठकठक, मग आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, आणि या सगळ्याच्या खाली दिवसभर न्हाणीतल्या नळाची बारीक धार. फोटो धुवायला वाहतं पाणी लागतं. ती धार मी अजून झोपेत ऐकते आणि नळ बंद करायला उठते. आणि वास! हायपो नावाचं एक औषध असतं, फोटो पक्का करणारं. त्याचा आंबूस दर्प घरभर भरलेला असे. आई तुरीच्या सोल्यांच्या भाजीला लसणाची फोडणी घाली तेव्हा घटकाभर तो माघार घेई, की पुन्हा हजर. माझ्या वर्गातल्या मुली एकदाच आमच्याकडे आल्या. त्यांनी नाकाला पदर लावले, दोरीवर आईच्या पातळांशेजारी चिमट्यांना टांगलेले ओले जवान पाहिले, आणि परत काही आल्या नाहीत. कुंदाच्या घरी मेलेल्या माणसांचे फोटो वाळत घालतात, असं शाळेत झालं. खरं तर त्यातले पुष्कळसे जिवंत होते. पण एकदा बभ्रा झाला की झाला.

बाबा मूळचे तेल्हाऱ्याकडच्या खेड्यातले. कापूस वेचायचा सोडून फौजेत गेले. तिथे कोणाच्या तरी लक्षात आलं की या पोराचा हात कधी थरथरत नाही, आणि त्याच्या हातात बंदुकीऐवजी कॅमेरा आला. पूर्वेकडची ती नद्यांच्या मुलखातली लढाई त्यांनी अशी पाहिली, एक डोळा मिटून. निवृत्त होऊन आले तेव्हा मागोमाग दोन काळ्या ट्रंका आल्या. पलटणीच्या साहेबांनी त्यांच्यावर काम सोपवलं होतं: त्या मोहिमेचा सचित्र इतिहास. पहिल्या कूचीपासून शेवटच्या दिवसापर्यंत सगळी लढाई फोटोंत लावायची, पुस्तक छापायचं, आणि प्रत्येक जवानाच्या घरी एक प्रत पोचवायची. बाबांनी त्या कामाचे दोन नेम करून घेतले होते. एक, फोटोत जेवढी माणसं तेवढी नावं खाली आली पाहिजेत, डावीकडून उजवीकडे, एकही चुकता कामा नये. आणि दुसरा, फोटो कापायचा नाही आणि त्यावर ब्रश लावायचा नाही. त्या काळी फोटोवाले सर्रास ब्रश लावत. मिटलेले डोळे उघडे करून देत, उघड्या अंगावर कोट चढवत. बाबांना त्याचा फार राग. "फोटोवर ब्रश फिरवनारा अन् कोर्टात खोटी साक्ष देनारा, दोघं एकाच माळेचे मनी," ते म्हणत.

जेवायला बसलो की घासागणिक त्यांना नावं आठवत. आई वाढतेय, आणि हे भाकरी मोडता मोडता म्हणणार, "कुंदा, लिही. पुलाच्या फोटोतला डावीकडून तिसरा, तो यशवंत नाई हाय, त्याचा चुलतभाऊ हाय." मला ती सगळी माणसं तोंडपाठ होती. कोण पायानं अधू झाला, कोणाला दात नव्हते, कोण ठेच्यासाठी जीव टाकायचा. वर्गातल्या मुलींपेक्षा ते जवान मला जास्त ओळखीचे होते, फक्त त्यांतल्या एकालाही मी ओळखीची नव्हते. मला फार एकटं वाटे. घरात माणसं तीन आणि चेहरे शेकड्यांनी, आणि बोलायला कोणी नाही. त्यातून माझा स्वतःचा एकही फोटो घरात नव्हता. आमच्याकडे एकुलत्या एका लेकराचा फोटो काढत नाहीत. त्यानं आयुष्य घटतं म्हणतात. आईची त्या बाबतीत शपथ होती आणि बाबा, एवढे लढाई पाहून आलेले, त्या शपथेला घाबरत. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्याकडे तांबड्या दिव्याखाली होता. आता माझ्या मोबाइलमध्ये माझे इतके फोटो आहेत की त्यातला एकही मला पाहावासा वाटत नाही. पण सोळाव्या वर्षी मी कशी दिसत होते ते मला कोणी सांगू शकत नाही, हेही खरं.

त्या हिवाळ्यात एके दुपारी आमच्या दारात दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. एक म्हातारी, डोळ्यांवर मोतीबिंदूची पांढरी साय आलेली. दुसरी तिचा हात धरून, डोक्यावर पदर, कपाळावर गोंदणाचा हिरवा ठिपका पण कुंकू नाही, हात मोकळे, आणि वय माझ्याहून फार तर चार-पाच वर्षांनी जास्त. तिच्या खांद्यावर तुरीच्या शेंगांचं गाठोडं होतं. म्हातारी उंबऱ्यातूनच बोलायला लागली.

"फोटोवाले बापू इथंच राह्यतात ना? मी भागाबाई. तुमच्याच शिवारातली, बापू. माहा देविदास तुमच्याच पलटनीत होता."

बाबा घोंगडी बाजूला सारून बाहेर आले. देविदास म्हटल्यावर त्यांचा चेहरा मी पाहिला. बाबा सोडले तर त्या सगळ्या पलटणीत वऱ्हाडातला तो एकटाच. बाबांशी घरच्या बोलीत बोलायचा, त्यांच्या कॅमेऱ्याची पेटी पाण्यातून डोक्यावर वाहून न्यायचा. नदी ओलांडली त्यानंतर एक-दोन दिवसांतच एका चकमकीनंतर तो दिसला नाही. मेलेल्यांत नाही, जखमींत नाही, पकडलेल्यांत नाही. वर्षभर वाट पाहून सरकारनं मृत समजावा असं कळवलं. गावानं ते मानलं, म्हातारीनं मानलं, आणि बरोबर आलेल्या त्या सुनेच्या, सुमनच्या, बांगड्या फुटल्या.

"फोटो नाई घरात एकबी," भागाबाई सांगत होती. "एकुलता एक होता, काढूच नाई दिला मी. लग्नातबी फोटोवाला आला तं हाकलून लावला त्याले. मले काय माहीत, बापू? माहीत असतं तं रोज काढला असता." मग तिनं डोळे पुसले आणि मुद्द्यावर आली. "वर्षश्राद्धाले भिंतीवर लावाले पायजे. हार कशाले घालू मी? रिकाम्या खिळ्याले?"

बाबांकडे देविदासचा एकच फोटो होता. नदी ओलांडतानाचा. कंबरभर पाण्यात सात-आठ जण, डोक्यावर ओझी, मागे धुरकट काठ. बाबांच्या आयुष्यातला तो सगळ्यांत चांगला फोटो. इतिहासाचं मुखपृष्ठ त्याचंच करायचं, असं साहेबांनी आधीच ठरवून टाकलं होतं. बाबा म्हणाले, मोठा करून देतो, पण अख्खा देईन, कापून नाही. दोन-तीन दिवस लागतील, इथंच राहा. आई तुरीच्या शेंगा सोलायला बसली, आणि सुमन तिच्याजवळ जाऊन बसली. आमच्या घरात शेंगा सोलताना दोन बायका बोलतायत, हे मी पहिल्यांदा ऐकलं.

ते दोन-तीन दिवस मला सणासारखे गेले, हे सांगायला आज संकोच वाटतो, पण गेले. घरावर दुःखच आलं होतं पाहुणं म्हणून, आणि मी मात्र शाळेतून पळत घरी येत होते. सुमनवैनीनं माझ्या केसांना तेल लावलं. शेंगा उकडून मीठ घालून आम्ही गच्चीवर खाल्ल्या. मी तिला दोरीवरच्या जवानांची ओळख करून दिली, एकेकाची खोड सांगत, आणि ती खरंच ऐकत होती. मध्येच म्हणाली, "तुह्या बापानं इतके लोक पायले. तुले कोनं पायलं वं?" मी शेंग तोंडात टाकली.

दुसऱ्या दिवशी बाबा काचेची चौकट करून आणायला बाजारात गेले आणि जाताना मला म्हणाले, तो फोटो कागदावर तूच काढ, आता तुला येतो. मी न्हाणीत शिरले तर मागून वैनी. "मी येऊ? कशाले हात नाई लावत." मी तिला आत घेतलं, घोंगडी सोडली. तांबड्या उजेडात तिचे डोळे तेवढे दिसत होते. मी निगेटिव्हमधून कागदावर उजेड पाडला, तो ट्रेमध्ये औषधात सोडला आणि ट्रे हलवत राहिले. कोरा कागद. मग काठ आला. मग पाण्यावरच्या ओझ्यांच्या काळ्या गाठी. मग माणसं. उन्हात सरळ उभा, मिशीवाला, कॅमेऱ्याकडे ताठ पाहणारा, तो साताऱ्याकडचा दत्तू. त्याच्या शेजारी ओझं कलतं झालेला, भिजलेला, सगळे दात दाखवून हसणारा एक काटकुळा पोरगा. तो जसजसा वर आला तसतशी वैनी खाली वाकत गेली, आणि हात नाही लावत म्हणाली होती तरी तिची बोटं औषधात बुडाली.

"हे," ती म्हणाली. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आणि सासूला आत्याबाई म्हणतात. "असेच हासत. आत्याबाई भाकर वाढे अन् हे हासत. काहून हासता म्हनलं तं म्हनत, काई नाई, भाकर गोल हाय." मग तिनं विचारलं, "आता हे मिटत नाई काय?"

"हायपोत टाकला का नाई मिटत. कंदीच नाई."

"कंदीच?" ती म्हणाली, आणि मला वाटलं होतं तशी ती काही खूश झाली नाही.

फोटो अंगणात उन्हात वाळला. संध्याकाळच्या आत बाबा चौकट घेऊन आले आणि म्हातारीला तुळशीपाशी बसवून फोटो तिच्या मांडीवर दिला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, तिरपा केला. बोट फिरवत फिरवत एका माणसावर थांबली. "हा पाह्य! हा पाह्य माहा देवा. मिशी ठेवली पोट्ट्यानं, अन् मले सांगतलं नाई!"

बोट दत्तूवर होतं.

मी बाबांकडे पाहिलं. ज्या माणसानं एका चुलतभावाच्या नावासाठी जेवणावरून उठून ट्रंक उपसली असती, तो माणूस. ते पुढे वाकले, हलक्या हातानं म्हातारीचं बोट उचलून शेजारी ठेवायला निघाले. "माय, थो नाई. थो शेजारचा पाह्य, हासून राहिला थो."

म्हातारीनं त्यांचा हात झिडकारला. "फोटोत कोनी हासते काय? माह्या पोराले रीतभात होती. भिंतीवर जायाचा मानूस दात काढून उभा राहीन? हा पाह्य कसा उभा हाय, राजावानी." आमच्याकडच्या कुठल्याही घरातली भिंत आठवा. आजे-पणजे सगळे ताठ, तोंडं मिटलेली, जशी काही आत शिस्तच आहे. म्हातारीनं जन्मभर तेवढेच फोटो पाहिले होते. डोळ्यांनी न दिसलेलं तिनं रीतीनं भरून काढलं. मग तिनं निवाडा मागितला. "सुमन, सांग वं बापूले."

वैनी पदर पुढे ओढून खांबाशी उभी होती. मघाशी तिची बोटं कोणाच्या चेहऱ्यावर बुडाली होती ते मी पाहिलेलं. ती म्हणाली, "हो बापू. आत्याबाई म्हनतात थेच हायेत."

मग म्हातारीनं बाकीचं सांगितलं. एवढे लोक भिंतीवर नकोत. एकटा देवा पाहिजे, छातीपर्यंत, आणि उघडं अंग बरं दिसत नाही, कोट घालून द्या. बाबा उठून न्हाणीत निघून गेले. दिवा न लावता आत नुसते बसून राहिले. आईनं त्या दिवशी बेसनाच्या पातोडीचा रस्सा केला होता, त्यांच्या आवडीचा. त्यांनी तो पानात चिवडला.

सकाळी म्हातारी उन्हात डुलक्या घेत होती. मी हौदापाशी फोटो खंगाळत होते आणि वैनी बंबाला काड्या घालत होती. बाबा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. फौजेतून आलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही, पण त्या दिवशी ते हळू बोलले.

"बाई, तुले माहीत हाय. थो तुहा मानूस नाई."

"हो."

"थो दत्तू हाय. जिता हाय. परवाच पत्र आलं त्याचं, पोरगी झाली त्याले. जित्या मानसाच्या फोटोले हार घालता का तुमी? पाप लागन मले."

वैनीनं काडी मोडली आणि जाळात घातली. "बापू, खोटी मरनाची बातमी उठली का मानसाचं आविष्य वाढते. असं म्हनतात का नाई?"

"म्हनतात."

"मंग त्या दत्तूचं वाढन. वाईट काय हाय?" ती पुढे म्हणाली, "अन् माह्या मानसाचं वाढाचं असन तं वाढन. कुकू गेलं माहं, बांगड्या गेल्या. गावानं जे करा लागते थे केलं. पर माह्या मानसाच्या गळ्यात हार मी पडू देत नाई. आत्याबाईले हार घालाले कोनीतरी पायजे, तुमी थे द्या. मले हे भिंतीवर नोको."

बाबा वळून न्हाणीत गेले. मी हौदात हात घालून तशीच बसले होते, पाणी बर्फासारखं होतं आणि मला हात काढायचं भान नव्हतं. मी इतकी शाळा शिकले, पुढे शिकवलीही, पण इतकं धीट बोलणं पुन्हा फारसं ऐकलं नाही.

त्या दुपारी बाबांनी आईकडून तिचा उंबऱ्यावर नक्षी रंगवायचा बारीक ब्रश मागून घेतला. दत्तूला नदीतून, ओझ्याखालून, सोबत्यांमधून एकट्याला कापून काढला. त्याच्या मागचं पाणी पुसून राखाडी केलं. उघड्या अंगावर काळा कोट चढवला, कोटाला गुंड्या लावल्या. त्याचा पुन्हा फोटो काढला आणि तो चौकटीत बसवला. एक गुंडी त्यांनी दोनदा पुसून पुन्हा काढली. आई दारात उभी राहून पाहत होती. एरवी तिनं टोमणा मारला असता. त्या दिवशी ती आत गेली आणि चहा घेऊन आली, आणि त्यांच्याजवळ बसली. न्हाणीत ती आंघोळीव्यतिरिक्त प्रथमच बसली असावी.

त्या दोघी गेल्या. म्हातारीनं चौकट छातीशी धरली होती. वैनी फाटकाशी वळून मला म्हणाली, "येजो व कुंदा, आमच्याकडे हुरडा खाले." मी हो म्हटलं. हुरड्याला काही मी गेले नाही. सोबत कोण, जायचं कसं, शाळा, परीक्षा. घर पुन्हा पहिल्यासारखं झालं, फक्त आधी ते एकटं आहे हे मला माहीत नव्हतं आणि आता माहीत झालं होतं. गच्चीवर शेंगांची टरफलं कितीतरी दिवस वाऱ्यानं इकडून तिकडे होत होती. आईनं झाडू मारायला सांगितला तरी मी तो कोपरा सोडून मारत असे.

पुढे इतिहास छापून आला. जाड कागद, निळी कापडी बांधणी, आणि मुखपृष्ठावर एका चिखलात रुतलेल्या तोफेचा फोटो. नदीचा फोटो त्यात नव्हता, मुखपृष्ठावर नाही आणि आतही नाही. तो छापला असता तर खाली नावं आली असती, एक प्रत भागाबाईच्या घरी गेली असती, आणि गावातल्या कोणत्याही शाळकरी पोरानं ती म्हातारीला वाचून दाखवली असती. साहेबांनी फोटोबद्दल विचारलं, तेव्हा बाबांनी कळवलं की निगेटिव्ह दमटपणानं खराब झाली. निगेटिव्हला काही झालेलं नव्हतं. ती आज माझ्याकडे आहे, स्वच्छ. ते पुस्तक मी कित्येकदा चाळलं आहे. मोहीम त्यात सगळी आहे, कूच आहे, पूल आहेत, तळ आहेत, आणि मध्येच पलटण एका काठावरून दुसऱ्या काठावर आपोआप पोचते. बाबा गेले तोवर त्या पानापाशी त्यांचा अंगठा थांबत असे.

मी आता अमरावतीला राहते. नोकरी इथेच झाली, संसार इथेच झाला, आणि आता घरात मी आणि पलंगाखाली त्या दोन ट्रंका. मुलगा म्हणतो, सगळं स्कॅन करून टाक. करीन. गेल्या वर्षी साताऱ्याकडून एका मुलाचा फोन आला. पलटणीच्या कागदांत माझा नंबर कसा पोचला देव जाणे. त्याचे आजोबा दत्तू वारले होते. लेकी, नातवंडं, पणतवंडं, सगळं पाहून, जेवून उठले आणि गेले. शेवटपर्यंत स्वतःच्या हातानं दाढी करत, असं तो अभिमानानं सांगत होता. फोन ठेवला आणि मला देविदासच्या गळ्यात न घातलेल्या हाराची आठवण आली. हुरड्याचं आमंत्रणही आठवलं. फार उशीर झाला होता, पण मी पिशवी भरली. अकोल्यापर्यंत एक बस, तिथून तेल्हाऱ्याची दुसरी, पुढे ऑटो. नदीचा तो अख्खा फोटो मी नव्यानं काढून घेतला होता, आणि पिशवीत वर ठेवला होता.

सुमनवैनी अंगणात तुरीच्या वाळक्या काड्या उचलत होती. केस पांढरेशुभ्र, कंबर वाकलेली, कपाळावर लहानपणी गोंदलेला हिरवा ठिपका तेवढा तसाच. ओळखायला तिला वेळ लागला नाही. "हुरडा संपला व कुंदा," एवढंच म्हणाली, जसं काही मी मागच्या आठवड्यात येणार होते.

भिंतीवर दत्तू होता. काळ्या कोटात, ताठ, गळ्यात झेंडूचा ताजा हार. मी बाबांनी काढलेल्या गुंड्या पाहत उभी राहिले. एक जराशी वाकडी होती.

"आत्याबाईचे डोळे मंग उघडले," वैनी मागून म्हणाली. "शिबिरात आपरेशन झालं. घरी आली, पट्टी निघाली, अन् पयले ह्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. लय वेळ. मंग मले म्हने, 'सुमन, हार सुकला वं. नवा आन.' बस. मरेपर्यंत त्यावर दुसरं काई बोलली नाई."

मी तिला सांगितलं, दत्तू गेला. पणतवंडं पाहून गेला. ती भिंतीकडे बघत हसली, खरंच हसली, तोंडातले उरलेले दात दिसेपर्यंत. "पाह्य! म्हनलं नोतं मी बापूले? वाढलं ना आविष्य त्याचं?" आणि मग तिनं पदरानं चौकटीची काच पुसली. मला कळलं, इतकी वर्षं ती त्याच्यावर लक्ष ठेवून होती. त्याचं वाढलं असेल, तर आणखी एकाचं वाढलं असणार.

माझा हात पिशवीत गेला होता. तिनं तो पाहिला.

"तो पुरा फोटो आनला काय?"

"आनला. दाखवू?"

"नोको. तुह्यापाशीच ठेवजो."

"काहून वं वैनी?"

"त्यातलं पोरगं पायलं का तेच ध्यानात राह्यते. मी इतके वर्स त्याहिचं वय वाढवून राहिली, माह्यासंगं. केस पिकवले, दात पाडले. उद्या दारात म्हातारा येऊन उभा राहिला तं मले ओळखू आला पायजे."

ती चुलीकडे गेली आणि परातीत पीठ काढू लागली. मी पिशवीची उघडलेली चेन हळूच ओढून घेतली आणि तिच्यासमोर पाटावर जेवायला बसले.